गारी

मागच्या महिन्यात भाचीला घेऊन गारीला जाऊन आले. "गारी म्हणजे नक्की कुठे गं?" असं आईने फोनवर विचारलं, तेव्हा "अगं, आपलं फ्रेझर आयलंड" असं सांगावं लागलं. मग तिला लगेच कळलं. घरातल्या अल्बमवर तेच नाव आहे ना!

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ हे बेट आहे. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मी पहिल्यांदा गेले २०१० साली. त्या दिवाळीत पुण्याला आले तेव्हा नऊ वर्षांच्या भाचीला एक गोष्ट सांगितली होती. जहाज फुटलं, कप्तानाची बायको रानटी लोकांच्या तावडीत सापडली, त्यांनी तिचे हाल हाल केले, शेवटी एका शूर माणसाने तिला सोडवलं. सुट्टी संपेपर्यंत रोज रात्री तिला तीच गोष्ट हवी असायची. आता ती इथे ब्रिस्बेनला शिकायला आली आहे, आणि फेरीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "मावशी, तुझी ती रानटी माणसं इथलीच ना?"

फेरीतून उतरून उंच चाकांच्या बसमध्ये बसलो. साधी गाडी इथे रुतते, रस्ते सगळे वाळूचे. पहिला मुक्काम लेक मॅकेन्झी. इथल्या मूळच्या बुचुल्ला लोकांचं नाव बुरांगुरा. समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचावर, वाळूच्या डोंगरात हे तळं टिकतं कसं? तर खोलगट जागी पाला कुजतो, तो वाळूत मुरून तळाशी घट्ट थर धरतो आणि त्यावर पावसाचं पाणी साठतं. ओढा येत नाही, ओढा जात नाही. म्हणून गाइडने आधीच बजावलं, अंगाला क्रीम फासून पाण्यात उतरू नका. जे सोडाल ते तिथेच राहील. पाणी नावाला शोभेल असं गार!

तिथून सेंट्रल स्टेशन. ही जंगलखात्याची जुनी वस्ती. १८६३ पासून १९९१ पर्यंत या बेटावर लाकूडतोड चालली. इथल्या सॅटिने झाडाचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून ते पार सुएझ कालव्यापर्यंत गेलं. झाडतोड थांबली आणि पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, बेट जागतिक वारसा यादीत आलं.

दुपारी समुद्राकडे निघालो. पंचाहत्तर मैलांचा किनारा हाच इथला महामार्ग. वाटेत माहेनो जहाजाचा गंजका सांगाडा लागतो. पहिल्या महायुद्धात हे इस्पितळ-जहाज होतं, गॅलिपोलीचे जखमी त्याने वाहिले. १९३५ साली भंगारात विकलं गेलं, जपानला ओढून नेताना वादळात दोर तुटला आणि ते या वाळूत येऊन रुतलं.

गाइडने उत्तरेकडे हात केला. "तिकडे इंडियन हेड." भाचीचे कान टवकारले. पण आपला काही संबंध नाही हो! मे १७७० मध्ये कॅप्टन कुकला जहाजावरून त्या टेकाडावर माणसं जमलेली दिसली. त्या काळी युरोपियन लोक कुठल्याही मूळ रहिवाशाला सरसकट इंडियन म्हणत. त्याने नाव ठेवलं आणि तो पुढे गेला. वर उभ्या असलेल्यांनीही त्याला पाहिलं होतंच. बुचुल्लांनी त्या जहाजावर गाणं रचलं. म्हणजे दोन्हीकडून पाहणं झालं होतं. नकाशावर मात्र एकाच बाजूचं उतरलं.

मग मीच भाचीला ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी नीट वाचून आले होते. १८३६ साली स्टर्लिंग कॅसल जहाज फुटलं हे खरं. कप्तान फ्रेझर वारला हेही खरं. त्याची बायको एलायझा काही आठवडे इथल्या लोकांमध्ये राहिली, उपाशी, आजारी, घाबरलेली. तिचे हाल झाले असणारच. पण ती जगली, कारण त्यांनी तिला आपल्यात ठेवलं, जे स्वतः खात त्यातलं दिलं. बुचुल्लांच्या घरांत ही गोष्ट अशीच सांगतात. तिला सोडवून आणणारा जॉन ग्रॅहम हा कैदी होता. पूर्वी पळून जाऊन तो त्या भागातल्या लोकांत राहिला होता, म्हणून त्याला भाषा येत होती. लंडनला पोहोचल्यावर एलायझाने निराधार विधवा म्हणून मदत मागितली. तोवर तिचं दुसरं लग्न झालेलं होतं! वर्गणी जमत गेली तशी गोष्टही भडक होत गेली. माझ्यापर्यंत आली ती हीच.

"एवढंच ना?" भाची म्हणाली. "गोष्टीने कुणाचं काय बिघडलं?"

म्हटलं, बिघडलं. ज्यांना एकदा रानटी ठरवलं, त्यांना हुसकावणं सोपं जातं. १८९७ मध्ये याच बेटावर बोगिम्बा इथे वसाहत काढून मूळ रहिवाशांना आणून ठेवलं. भुकेने, रोगाने माणसं गेली. १९०४ मध्ये ती बंद झाली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना दूर उत्तरेला याराबाहला धाडलं. आपल्याच बेटावरचा त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०१४ साली. आणि बेटाचं मूळ नाव सरकारदरबारी परत आलं जून २०२३ मध्ये.

परतीच्या फेरीत भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, ती गोष्ट मी शाळेत सगळ्या मैत्रिणींना सांगितली होती."

मला काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. निदान इथे लिहून टाकावं, म्हणून हा पसारा.

आईला सांगितलंय, अल्बमवरचं जुनं नाव खोडू नकोस, तेव्हा आपल्याला तेवढंच माहीत होतं. त्याच्या खाली फक्त 'गारी' लिही.