गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म : सुमारे १५०१, कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगाल, मृत्यू : १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. युरोपीय वैद्यांना मुख्यतः ग्रीक व अरबी ग्रंथांतून परिचित असलेल्या पौर्वात्य औषधींची त्यांनी भारतात प्रत्यक्ष पाहणी करून नोंद केली.

पार्श्वभूमी

अकराव्या व बाराव्या शतकांत अनेक अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये अनुवादित झाले. क्रेमोनाचे जेरार्ड (मृत्यू ११८७) यांनी तोलेदो येथे केलेला इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’चा अनुवाद युरोपीय विद्यापीठांत कित्येक शतके अभ्यासला गेला. सालामांका व अल्काला येथे शिकलेले ओर्ता याच परंपरेत घडले.

अहमदनगरचा दरबार

ओर्ता १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा यांच्यासोबत गोव्यात आले. अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले. तेथील हकीम गेलन व इब्न सीना यांचे वैद्यक अरबीतून जाणत असत. निजामशहाने आपल्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवली, असे ओर्ता यांनी नमूद केले आहे. मुंबई बेटही त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते.

ग्रंथ

त्यांचा ‘कोलोकियुश’ हा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो ओर्ता व रुआनो या काल्पनिक वैद्यांतील संवादरूपात आहे. त्यात हिंग, अफू, भांग, कापूर, वेलदोडा, आंबा इत्यादींची चर्चा असून पटकीचे सविस्तर वर्णनही आहे. ओर्ता अरबी ग्रंथकारांचा आदर करतात. मात्र प्रत्यक्ष पाहिलेल्याशी विसंगत मत कोणाचेही असो, ते नाकारतात. चिंचेच्या अरबी नावाचा अर्थ ‘हिंदी खजूर’ असा आहे. परंतु चिंचेचे झाड खजुरीच्या जातीचे नाही, हे ते स्पष्ट करतात. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे.

प्रभाव व उत्तरकाळ

कारोलुस क्लुसियुस यांनी १५६७ मध्ये अँटवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. त्यामुळे ही माहिती युरोपभर पसरली.

ओर्ता यांचे कुटुंब मूळचे ज्यू होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, त्यांची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये ओर्ता यांचे अवशेष थडग्यातून उकरून जाळण्यात आले. पणजीतील एका उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.