स्फुरद आणि मातीतील विकरे : सेंद्रिय हरितगृहातील भाजीपाला

नत्र आणि पालाश यांच्या जोडीचे तिसरे मुख्य अन्नद्रव्य म्हणजे स्फुरद. मातीतल्या स्फुरदाचा मोठा भाग, बहुतेक मातींत 30 ते 65 टक्के, सेंद्रिय संयुगांत अडकलेला असतो आणि मुळांना तो तसाच घेता येत नाही. ही संयुगे फोडून फॉस्फेट सुटे करतात ती फॉस्फेटेज गटातील विकरे, म्हणजेच एन्झाइम. आम्ल फॉस्फेटेज पिकांची मुळे आणि बुरशी सोडतात, तर अल्कली फॉस्फेटेज मुख्यतः जिवाणूंकडून येते. धान्यात आणि पेंडीत साठलेल्या फायटेटसाठी फायटेज लागते.

सोलापूरची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, चुनखडीयुक्त आणि बहुधा 8 च्या आसपास सामू असलेली. इथे कॅल्शियम फॉस्फेटला धरून बसते. सुपर फॉस्फेट दिले तरी पहिल्या हंगामात पिकाच्या पदरात त्यातले थोडेच पडते. पॉलिहाउसमध्ये ढोबळी मिरची किंवा काकडी घेणारे शेतकरी मात्र बऱ्याचदा ही माती वापरतच नाहीत. तिच्यात पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून बाहेरून लाल माती आणून तिच्यात शेणखत आणि भाताचे तूस मिसळून गादीवाफे भरतात. लाल मातीत स्फुरदाला पकडणारे लोह आणि ॲल्युमिनियम असते. म्हणजे पकडणारा बदलला, पकड कायम राहिली. शिवाय बोअरचे जड पाणी ठिबकमधून हंगामभर येत राहिले, की कॅल्शियमही मागल्या दाराने परत येते.

खरी गफलत खताच्या हिशेबात होते. शेणखतात साधारण 0.5 टक्के नत्र आणि 0.2 टक्के स्फुरद असते, कोंबडीखतात सुमारे 3 आणि 2.6 टक्के (स्फुरद पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले). टोमॅटोला स्फुरदाच्या जवळपास तिप्पट-चौपट नत्र लागते. त्यातून शेणखतातले नत्र पहिल्या वर्षी थोडेच हाती लागते, म्हणून शेतकरी ट्रॉलीवर ट्रॉली ओततो. नत्राची गरज कशीबशी भागते आणि स्फुरद साचत जाते. हरितगृहात पाऊसही पडत नाही आणि वाहून जायला वाटही नसते. साचलेल्या स्फुरदामुळे मुळांवरची उपयोगी मायकोरायझा बुरशी मंदावते, मुळे आम्ल फॉस्फेटेज कमी सोडतात आणि जस्त व लोहाची कमतरता दिसू लागते. ही दोन्ही चुनखडीच्या मातीत आधीच दुर्मिळ असतात. पिवळे पान पाहून पुन्हा खतच टाकणे हा सेंद्रिय शेतीतला सर्वांत भाबडा उपाय म्हणावा लागेल.

विकरांचे मोजमाप तसे सोपे आहे. तबताबाई आणि ब्रेमनर यांनी 1969 मध्ये रुळवलेल्या पद्धतीत मातीला पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट देऊन 37 अंश सेल्सिअसला एक तास ठेवतात. विकर जितके सक्रिय, तितका पिवळा रंग गडद. पण हा आकडा एकटा वाचणे धोक्याचे. फॉस्फेटेज जास्त निघाले, तर माती जिवंत आहे असेही असेल किंवा मुळे स्फुरदासाठी उपाशी आहेत असेही असेल. म्हणून शेजारी 1954 ची ओल्सेन चाचणी हवीच. भारतात तिच्यानुसार हेक्टरी सुमारे 25 किलोच्या वर उपलब्ध स्फुरद ‘जास्त’ समजतात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक नोंदले जातात. त्यांत स्फुरद आहे, विकरे नाहीत.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालते. येथील केंद्रात रब्बी ज्वारीवर शेणखत, पिकांचे अवशेष आणि सुबाभळीचा पाला यांचे दीर्घकालीन प्रयोग झाले. ते उघड्या रानातले असल्याने त्यांचे निष्कर्ष छताखालच्या गादीवाफ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी एवढे खरे, की विकरांना सेंद्रिय पदार्थ आणि ओल दोन्ही लागतात, आणि पॉलिहाउसमध्ये ओल तर बारमाही असते.

उपायांपैकी स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, मुख्यतः आम्ले सोडून खनिज स्फुरद मोकळे करतात. चुनखडीच्या मातीत चुना ही आम्ले गिळतो, त्यामुळे निकाल कमी-जास्त होतो. जीवामृताच्या 200 लिटरमध्ये साधारण 10 किलो शेण असते, तेव्हा त्यातले स्फुरद नगण्यच. झाला तर त्याचा उपयोग सूक्ष्मजीवांना होतो. मातीतल्या रोगांवर वापरले जाणारे फॉर्मालिन सेंद्रिय प्रमाणनात चालत नाही. त्याऐवजी सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक पॉलिथीन अंथरून माती तापवता येते, मात्र त्यानंतर चांगले कुजलेले खत घालून सूक्ष्मजीव पुन्हा बसवावे लागतात.

खताची मात्रा नत्रावर नव्हे, तर स्फुरदावर बेतावी आणि उरलेले नत्र ताग-धैंचाच्या हिरवळीच्या खतातून किंवा निंबोळी पेंडीतून भरावे. पेंडीत नत्र सुमारे 5 टक्के आणि स्फुरद 1 टक्का असते. ओल्सेनचा आकडा 25 च्या वर गेलेल्या वाफ्याला पुढच्या हंगामात कोंबडीखत देऊ नये.