वाणसामानाची यादी

महिनाअखेरीस डबे उघडून पाहायचे, काय उरले आणि काय आणायचे ते कागदावर उतरवायचे आणि तो कागद वाण्याकडे द्यायचा, ही रीत मराठी घरांत इतकी मुरली आहे की ती पिढीजात वाटते. खरे तर ती पगाराबरोबर आली. ज्या घरात महिन्याला पैसा येत नव्हता त्या घरात महिन्याची यादीही नव्हती.

शेतीवर चालणाऱ्या घराचा हिशेब वर्षाचा असे, कारण धान्यच वर्षातून एकदा-दोनदा दारात येई. खरिपाची बाजरी, भात, तूर आणि रब्बीची शाळू ज्वारी, गहू, हरभरा. खळ्यावरच बलुतेदारांचे बलुते, देवाचा वाटा, बियाणे आणि सावकाराचे देणे बाजूला निघे. उरेल ते पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचे. या साठ्याला ‘बेगमी’ म्हणत. तिचा अंदाज चुकला तर फटका आषाढ-श्रावणात बसे, म्हणजे शेतात कष्ट सर्वांत जास्त आणि घरात दाणा सर्वांत कमी, अशा दिवसांत.

साठवणीची साधने प्रदेशाप्रमाणे वेगळी होती. देशावर बांबूची किंवा तुराट्यांची, शेणमातीने लिंपलेली कणगी, वाड्यांत भिंतीतच बांधून काढलेले बळद, आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे जमिनीखाली खणलेले पेव. पेवाचे तोंड उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरे. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आज म्हटले जाते ते याच पेवावरून, पण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पेव पाहिलेले नसते. टोके आणि पोरकिडे लागू नयेत म्हणून धान्यात राख किंवा कडुनिंबाचा पाला घालत, डाळींना एरंडेलाचा हात लावत. उतरंडीच्या मडक्यांत रोजचे, कोठीत हंगामाचे आणि पेवात वर्षा-दोन वर्षांचे अशी विभागणी असे.

रोजच्या जेवणाचे नियोजन या साठ्यातून मापाने काढण्यावर चाले. कोठीची किल्ली घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला असे आणि सकाळी किती माणसे पानावर बसणार ते मोजून ती धान्य काढून देई. चार निळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ही कोष्टके पाठ असत, कारण पाहुणा आला की मापट्याचे गणित तिथल्या तिथे बदलावे लागे. मापून काढलेल्या धान्यातून एक मूठ मागे टाकण्याची सवयही अनेक घरांत होती. या सवयीवर पुढे संस्था उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना खेड्यापाड्यांतल्या बायकांनी ‘मुष्टिफंड’ दिला तो अशाच मुठी-मुठीने.

विकत आणायच्या वस्तू थोड्या होत्या: मीठ, गूळ, कापड, थोडा मसाला. तेल्याच्या घाण्यावर तेलबी देऊन तेल आणत. बाकीचे आठवडी बाजारात, पुष्कळदा धान्य देऊनच, मिळे. भाजी परसातली किंवा बांधावरची. शहरात पेठा होत्या आणि पेशव्यांच्या पुण्यातल्या कित्येक पेठांना वारांची नावे आहेत. मोठ्या वाड्यांत आश्रितांना, भिक्षुकांना, पाहुण्यांबरोबर आलेल्या चाकरांना शिजवलेले अन्न न देता ‘शिधा’ देत, म्हणजे तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ मोजून. हा शब्द पुढे सरकारी कागदावर बसणार होता.

कोकणात आणि गोव्यात बेगमीचा हंगाम पावसाच्या तोंडावर येई, कारण पावसाळ्यात होड्या बंद, वाटा बंद आणि मासळी नाही. मिरगापूर्वी भरायच्या या सामानाला ‘आगोट’ म्हणतात. सुके बोंबील, सुकट, सुके बांगडे, कोकमे, चिंच, मीठ, कांद्यांच्या माळा, फणसाचे पापड, जळण. गोव्यात याच साठ्याला ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेन्तो’चा अपभ्रंश आहे. उन्हाळ्याच्या शेवटी मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते आणि तिथे खारवलेली मासळी, मिरच्या, सोले यांची खरेदी होते. देशावरच्या चैत्र-वैशाखातल्या पापड-कुरडया-सांडग्यांमागेही हेच कारण आहे: ऊन असेपर्यंत वाळवून घ्यायचे आणि चार महिने पुरवायचे.

साठ्यात काय आहे हे कोठी सांगे. कोणत्या दिवशी काय शिजवायचे हे पुष्कळसे पंचांग सांगे. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार या दिवशी उपासाचे; चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची पोटभर भजी. संक्रांतीला तीळ-गूळ, होळीला पुरणपोळी. ‘आज काय करायचे’ हा प्रश्न अशा दिवशी पडत नसे. उपासाचा साबूदाणा मात्र परंपरेच्या मानाने अगदी नवखा. तो आधी आग्नेय आशियातून येई आणि १९४०च्या दशकापासून तमिळनाडूतल्या सेलमकडे कसाव्यापासून बनू लागला. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने हे पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगले. त्याच्या पानांमागे पाककृती छापून येत आणि पुढच्या चौकोनांत बायका दुधाचे खाडे लिहीत.

संपणाऱ्या वस्तूंबद्दल बोलण्याचीही एक शिस्त होती. तांदूळ, हळद, कुंकू ‘संपले’ असे म्हणायचे नाही, ‘वाढले’ म्हणायचे. दिवेलागणीनंतर शेजाऱ्याकडे मीठ मागायचे नाही. म्हणजे साठ्याकडे दिवसाउजेडीच लक्ष हवे.

या वार्षिक गणिताला पहिला तडा मुंबईत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी आणि घाटावरून माणसे गिरण्यांत आली. दहा बाय दहाच्या खोलीत कणगी मावत नव्हती, आणि मावली असती तरी वर्षाचे धान्य एकदम घ्यायला पैसा नव्हता. अहमदाबादच्या गिरण्या पंधरवड्याचा ‘हप्ता’ देत. मुंबईत पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. कामाला लागलेल्या माणसाला पहिला पैसा हाती यायला दीड महिना लागे. तोवर त्याला जगवणारा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. नाव ‘वाणी’, पण दुकानदार मुंबईत बहुधा कच्छी किंवा गुजराती, पुढे पुण्याकडे मारवाडी. तो खाते उघडी, वहीत मांडी आणि पगाराच्या दिवशी वसूल करी. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सात दिवसांच्या आणि त्याहून मोठ्यांना दहा दिवसांच्या आत पगार देणे बंधनकारक केले. महिन्याचे सामान सात ते दहा तारखेच्या सुमारास भरण्याची कामगार वस्त्यांतली रीत या कायद्याच्या तारखांशी जुळते, हा योगायोग नाही. कचेरीतल्या कारकुनाला पगार एक तारखेला. त्याच्या घरची यादी महिनाअखेरीसच तयार.

वाण्याची वही बिनव्याजी दिसे, पण तशी नव्हती. खात्यावर घेणाऱ्याला भाव थोडा चढा आणि मालाची निवड थोडी कमी. शिवाय खाते असलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नसे. कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्या मुंबई सरकारने १९२०च्या दशकात केल्या, तेव्हा खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो असे दिसले. एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जेवण खाणावळवाल्या बायका सांभाळत. वीस-पंचवीस माणसांचा रोजचा दोन वेळचा स्वयंपाक, तोही उधारीवर. घरगुती नियोजनाची खरी कसोटी त्यांच्या चुलीपाशी लागे. नफा उरला तर तो मापट्याच्या चोखपणातून. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी दादरला ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले.

दुसरा मोठा बदल युद्धाने आणला. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून मुंबईला येणारा तांदूळ थांबला. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. किती माणसे आणि किती वयाची यावरून आता सरकार धान्य ठरवू लागले. ‘शिधा’ शब्दाला ‘पत्रिका’ जोडली गेली आणि वाड्यातल्या आश्रितासाठी असलेला शब्द प्रत्येक नागरिकाच्या कार्डावर आला. पिढ्यान्‌पिढ्या भात खाणाऱ्या कोकणी कुटुंबाला गहू आणि ज्वारी वाट्याला आल्यावर जेवणाचे ताट बदलणे भाग पडले. १९४७च्या अखेरीस नियंत्रणे सैल झाली, १९४८मध्ये परत आली आणि १९५४मध्ये रफी अहमद किदवई अन्नमंत्री असताना उठली. कार्ड मात्र गेले नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या टंचाईत त्याच्यावर अमेरिकेची तांबडी ‘मिलो’ ज्वारी मिळाली, जिच्या भाकरीची आठवण कुणी प्रेमाने काढत नाही. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि सोमवारची रात्र अनेक घरांत उपासाची झाली. लग्नात किती माणसांना अन्न वाढायचे यावरही सरकारी मर्यादा आली.

यादीची भाषा याच काळात बदलली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, किलो-ग्रॅमची वजने ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने. शेर, पायली, छटाक, तोळा कागदावरून पुसले गेले आणि ‘पाव किलो’, ‘शंभर ग्रॅम’ आले. धान्य मापाऐवजी वजनावर घेण्याची सवय इथे पक्की झाली. म्हातारी माणसे भाव ऐकून मनातल्या मनात शेरात परत उतरवून घेत. पायली काही बाजारांत अजूनही ऐकू येते.

महागाईला तोंड देण्यासाठी बायका रस्त्यावर आल्या ते १९७२ साली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि लाटणे-थाळ्यांचे मोर्चे निघाले. पण दर महिन्याच्या पाच-पंचवीस रुपयांची बचत मोर्चातून होत नाही. त्यासाठी खरेदीच वेगळ्या पद्धतीने करावी लागते. नायगावच्या कामगारांनी १९४८मध्ये सहकारी भांडार काढून त्याची सुरुवात केली होती. तेच पुढे ‘अपना बाजार’ झाले. बिंदुमाधव जोशींनी १९७५च्या गुढीपाडव्याला सुरू केलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढून टाकले. शेजारपाजारची दहा-पंधरा कुटुंबे मिळून एक ग्राहक संघ. महिन्याला छापील यादी घरोघर येई, प्रत्येक घर आपली मागणी आकड्यांत भरे, सगळ्यांची बेरीज करून पंचायत घाऊक बाजारातून माल घेई आणि ठरलेल्या दिवशी संघातल्या एका घरी उतरवी. तिथे बायका आपापसांत वाटून घेत. या पद्धतीत विसराळूपणाला जागा नव्हती: यादीत न लिहिलेली वस्तू पुढच्या महिन्यापर्यंत मिळणार नाही. मध्यमवर्गीय घरांना महिन्याची नेमकी मागणी आधीच काढायला या छापील कागदाने जितके शिकवले तितके कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नसावे. १९१०चे ‘गृहिणीमित्र’ किंवा १९७०चे ‘रुचिरा’ पदार्थ कसा करायचा ते सांगतात. घरात सामान किती भरायचे हा त्यांचा विषय नव्हे.

याच दशकांत नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढली आणि बाजारहाटाची वेळ सरकली. भाजी संध्याकाळी स्टेशनबाहेर घ्यायची, ती परतीच्या लोकलमध्येच निवडायची, रात्री चिरून ठेवायची, कारण डबा सकाळी लवकर भरायचा असे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी महिला विशेष लोकल सुरू झाली तेव्हा लोकलच्या डब्यात मेथीच्या जुड्या निवडणे जुनेच झाले होते. गोदरेजचा पहिला भारतीय फ्रिज १९५८चा, पण तो घराघरांत पोहोचायला आणखी दोन-तीन दशके लागली. तो आल्यावर रोजची भाजी आठवड्याची झाली. वर्षाचे धान्य महिन्यावर आले होते आणि दिवसाची भाजी आठवड्यावर गेली.

नंतरचे बदल झपाट्याने झाले. सुटे धान्य पाकिटात गेले, त्यावर कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. १ मे १९९९पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांची शिधापत्रिका आली आणि शुभ्र कार्डवाल्या घरांनी रेशनच्या रांगेचा निरोप घेतला. २००२मध्ये पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. पगारानंतरच्या शनिवार-रविवारी तिथे ढकलगाड्यांची जी गर्दी होते ती वाण्याच्या दुकानातल्या दहा तारखेच्या गर्दीचीच वंशज. उधारी मात्र तिथे नाही. आता फोनवरून दहा-वीस मिनिटांत कोथिंबीर येते आणि यादी करण्याची गरजच काही घरांना उरलेली नाही.

तिखट मात्र पुष्कळ घरांत अजून वर्षाचेच होते. मार्चपासून मेअखेरपर्यंत लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत बायका बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडतात, देठ काढून वाळवतात, गरम मसाला भाजून घेतात आणि डंकावर कुटून होईपर्यंत डबा घेऊन समोर बसून राहतात.