उस्मानियाचे उद्दिष्ट आणि रेणापूरचा विद्यार्थी

अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट शब्दबद्ध करताना काय शिकवावयाचे हे आपण लिहितो. कोणास, हे बहुधा राहून जाते. हैदराबाद संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे उद्दिष्ट विलक्षण नेमके होते : इंग्रजी हा विषय अनिवार्य, परंतु उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. या नेमकेपणामुळेच भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था निघाली, शास्त्रांची परिभाषा घडली, वैद्यकदेखील उर्दूतून शिकविले गेले. हे कार्य थोरच म्हटले पाहिजे. मात्र त्याच संस्थानातील रेणापूरच्या मराठी मुलास इंग्रजीच्या जागी आणखी एक परकी भाषाच मिळाली. देशी भाषा म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न त्या उद्दिष्टाने मराठवाड्यापुरता अनुत्तरितच ठेवला. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९९४ साली नांदेडास निघालेल्या विद्यापीठाच्या क्षेत्रात रेणापूर येते.