उतरतं भराभर, चढत मात्र नाही

दिवाळीनंतरची गोष्ट. न्यू जर्सीच्या मामाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि त्याआधी त्याला आईचा आवाज ऐकायचा होता. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. अण्णांनी १९८८ साली तिच्या ओव्या टेपवर भरून ठेवल्या होत्या, तीन कॅसेट, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या, सगळ्या मिळून १.८ जीबी. "एमपीथ्री कर ना मावशी, एवढीशी होईल," इति भाचा. पण आधीच खरखरणारा तो आवाज आणखी दाबायला मन होईना.

शुक्रवारी रात्री फाइल चढवायला लावून झोपले. सकाळी बघते तर चाळीस टक्क्यांवर तुटून पडलेली! वेग मोजला. उतरताना ९० एमबीपीएसच्या वर, चढताना ०.४. म्हणजे एकूण दहा तास, तेही मधे तुटलं नाही तर.

मी लगेच कंपनीला दोषी ठरवून मोकळी झाले. त्याला कारण जुनी सवय. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा अपलोड मंद असणं हे गृहीतच होतं. आणि ती लबाडी नव्हती बरं का. अमेरिकेत बेलकोरमधल्या जोसेफ लेक्लाइडर यांनी १९८०च्या दशकात मुद्दाम तसं सुचवलं होतं. एक्स्चेंजपाशी शेकडो घरांच्या तारा एका जाड केबलीत शेजारी शेजारी येतात आणि एकीतलं दुसरीत झिरपतं. घरांकडून दमून आलेला क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडतो. मग दोन्ही बाजूंना सारखा वेग द्यायचा हट्ट सोडा, घराकडे येणारा रस्ता रुंद करा, जाणारा अरुंद! त्यातून एडीएसएल आलं. बोलण्याला खालचे चार किलोहर्ट्‌झ, अपलोडला साधारण २६ ते १३८, आणि डाऊनलोडला तिथून थेट ११०४ पर्यंत. घराने बघायचं-ऐकायचं, पाठवायचं फारसं नाही, असा तो हिशेब. आपल्याकडच्या २००४च्या ब्रॉडबँड धोरणातसुद्धा व्याख्या किमान २५६ केबीपीएस डाऊनलोडची होती. अपलोडचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही.

पण माझ्याकडे आता फायबर आहे, दोन्हीकडे १०० चा करार. शनिवारी दुपारी कंपनीचा मुलगा आला, राउटरला स्वतःचा लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "काकू, हे बघा, अपलोड ९४. लाइन ओके आहे. तुमच्या कॉम्प्युटरचंच काहीतरी असेल." फोनवर वायफायने मोजलं, तेही उत्तम. (मग फोनवरूनच का नाही पाठवलंस, असं विचाराल. फोनमध्ये जागा नव्हती. नातवंडांचे व्हिडिओ. असो.)

म्हणजे राहिलं काय? माझा जुना संगणक आणि हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीत जाणारी बारा मीटरची वायर. मी घरातल्याच राउटरला शंभर छोटी पाकिटं पाठवून पाहिली. दोन हरवली. मग शंभर मोठी पाठवली, तेवीस गायब! संगणकाची चुकांची मोजणी मात्र शून्य. इथे मी बराच वेळ अडकले. मग लक्षात आलं, पाठवणाऱ्याला आपलं पाकीट फाटलेलं कसं दिसणार? ते घेणाऱ्याच्या दारात दिसतं.

आता ह्या वायरीबद्दल थोडं. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेट मांडलं, तेव्हा सगळ्यांत मिळून एकच जाड केबल होती. एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं. पुढे १९९० साली पिळलेल्या जोड्यांची पद्धत प्रमाण झाली आणि जाण्याची जोडी वेगळी, येण्याची वेगळी झाली. माझ्या संगणकातलं १०० एमबीपीएसचं जुनं कार्ड असंच चालतं. वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या, पण कामाच्या दोनच. नारिंगी जोडीतून संगणक बोलतो आणि हिरवीतून ऐकतो. (गिगाबिटमध्ये चारही जोड्यांतून दोन्हीकडे चालतं, तिथे असा एकतर्फी आजार होत नाही.)

तरी शंका उरतेच. शंभरातली तेवीस हरवली, तर वेग पाऊणपट व्हावा, दोनशेव्या हिश्श्यावर कसा येतो? ह्याचं उत्तर १९८६च्या ऑक्टोबरात आहे. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ ह्यांत अंतर जेमतेम ४०० यार्ड, आणि त्यांच्यामधला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला. केबीपीएस नव्हे, नुसते बीपीएस! गर्दीत पाकिटं हरवत होती, प्रत्येक संगणक ती पुन्हा पुन्हा ढकलत होता आणि गर्दी वाढतच होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर शोधलेला तोडगा १९८८ साली प्रसिद्ध झाला. पाकीट हरवलं की समजायचं पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग एकदम कमी करायचा. मग हळूहळू वाढवायचा. पुन्हा हरवलं, पुन्हा कमी. मला हा नियम फार आवडतो. कोणी पोलीस नसताना जो तो आपणहून मागे सरतो. आजचे नियम बरेच बदललेत, पण बहुतेकांचा गाभा हाच. माझा बिचारा संगणक तेच करत होता. पुढे गर्दी नव्हतीच, वायर फाटकी होती. त्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. उतरताना जड माल धड हिरव्या जोडीतून यायचा. "मिळालं" म्हणून सांगणाऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या नारिंगीतून जायच्या, आणि त्या चिमुकल्या. एखादी गहाळ झाली तरी पुढची चिठ्ठी मागचंही सांगून टाकते.

वायर हाताने चाचपत गेले. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं होतं, त्याचा पुढचा पाय बरोबर तिच्यावर! वरचं आवरण ब्लेडने उघडलं तर नारिंगी जोडीतली एक तार चेपून तुटायला आलेली. कोणी सरकवलं कपाट? मीच.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांकडची लांब वायर मागून आणली. फाइल तीन मिनिटांच्या आत चढली.

रात्री मामाचा फोन आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "अगं, दुसऱ्या कॅसेटमध्ये ताईच्या मागे कोण खोकतंय, अण्णा का?"