एकच गाणं, दोन गळे

मैत्रिणींनो, पुच्चिनी यांचं ‘तोस्का’ हे इटालियन संगीतनाटक १९०० साली रोममध्ये रंगमंचावर आलं. संकटात सापडलेली गायिका तोस्का त्यात देवाला विचारते, माझ्या वाट्याला हे का? आज त्याची दोन ध्वनिमुद्रणं आम्ही ऐकवतोय. मारिया कॅलास १९५३ साली मिलानमध्ये गायल्या. आवाजाला धार, देवाला जाबच विचारतात. लिऑन्टिन प्राइस १९६२ साली व्हिएन्नात गायल्या. आवाज भरदार, सायीसारखा, त्या विनवतात. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय सुईणीची ही लेक. १९५५ साली त्या टीव्हीवर तोस्का झाल्या, तेव्हा दक्षिणेतल्या काही केंद्रांनी केवळ रंगामुळे कार्यक्रम दाखवला नाही. तेव्हा अडवलेला तो गळा आज आपल्या केंद्रावरून घरोघरी पोचतोय. चला, आधी त्यांनाच ऐकू.