कन्सोलची तार : बँक-संगणकीकरणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस असलेला नौपाडा हा दुकाने, दवाखाने आणि बँकांच्या शाखांनी गजबजलेला भाग आहे. अशा वस्तीत संगणक घरांपेक्षा बँकांच्या काउंटरमागे अगोदर पोहोचला. १९८४ साली सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली. पुढे अनेक शाखांत एक युनिक्स यंत्र व त्याला जोडलेली टर्मिनल्स ही रचना रूढ झाली. समित्यांचे अहवाल जतन झाले. यंत्र आणि टर्मिनल यांना जोडणाऱ्या तारेची नोंद मात्र क्वचितच राहिली.

या तारेचे नियम आरएस-२३२ या अमेरिकी मानकाने १९६० साली घालून दिले. १९६९ची ‘सी’ आवृत्ती सर्वाधिक प्रचलित ठरली. मानकाने एका टोकास टर्मिनल आणि दुसऱ्या टोकास मोडेम गृहीत धरला होता. रेल्वेच्या आरक्षण व्यवस्थेस हे गृहीतक मानवले. १९८५-८६ मध्ये सीएमसीने नवी दिल्लीत व्हॅक्स यंत्रांवर ती उभारली, आणि दूरच्या खिडक्या जोडण्यासाठी मोडेम लागतच. बँकेच्या शाखेत यंत्र आणि टर्मिनल एकाच छताखाली होते, मोडेम नव्हताच. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर दोन्ही टोके दोन क्रमांकाच्या पिनेवर बोलत आणि तिसऱ्यावर ऐकत. सरळ तार जोडली की दोघेही बोलत, ऐकत कोणीच नसे.

दोन व तीनची अदलाबदल केली तरी काम भागेलच असे नव्हते. युनिक्स यंत्र आठव्या पिनेवर मोडेमच्या कॅरियरची खूण येईपर्यंत लॉगिनची ओळ दाखवीत नसे; म्हणून कनेक्टरच्या आतच विसावी पिन सहाव्या व आठव्या पिनेस जोडून यंत्राची समजूत काढावी लागे. दोषाचे स्वरूप लक्षणांवरून ओळखता येई. पडदा कोराच राहिला तर शंका वायरिंगवर. विचित्र अक्षरे उमटली तर वेग किंवा पॅरिटी यांवर. काही ओळी येऊन मध्येच गाळ पडली तर थांबण्या-चालण्याच्या संकेतांवर. कागदपत्रे नसतील तर मल्टिमीटर पुरे. सातव्या पिनेच्या सापेक्ष दोन आणि तीन तपासल्यास जिच्यावर ठळक ऋण दाब दिसेल ती बोलणारी पिन, कारण स्तब्ध रेषा ऋण दाबावरच राहते.

१९८४च्या आयबीएम पीसी-एटीने नऊ पिनांचा कनेक्टर रूढ करून घोटाळा वाढविला. त्यात दोनवर ऐकणे, तीनवर बोलणे आणि पाचवर भूमी. दिसायला तोच कनेक्टर डिजिटल इक्विपमेंटच्या १९८७च्या मायक्रोव्हॅक्स २०००वरही होता, परंतु तेथे भूमी सातवर. त्याहून चमत्कारिक म्हणजे आठवी व नववी पिन एकमेकींस जोडलेली तार लावली तरच प्रिंटरचे ते द्वार कन्सोल बनत असे. म्हणजे यंत्राचा स्वभाव तारेत ठरत होता, आणि ती हरवली तर चालू यंत्रही मुके भासे.

पुढे कोअर बँकिंग आल्यावर शाखांतील ही यंत्रे निकामी ठरली. कॅबिनेट आणि मॉनिटर यांना भंगारात थोडीबहुत किंमत मिळे. आतून हाताने सोल्डर केलेल्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या तारांवर चिठ्ठी नसे. जुन्या डिस्कवरील खातेनोंदी उघडू पाहणाऱ्यास आज पहिली अडचण तेथेच येते.